गेंडा सुरू होत नाही

६ तारीख, शनिवार

पोचले! आजपासून मी घरमालकीण. चाकांवरच्या का होईना, पण घराची.

मोटरहोम फोटोत दिसत होतं त्यापेक्षा मोठं निघालं. करड्या रंगाचं, नाकाशी पोचे पडलेलं, जाड कातडीचं. बघताक्षणी नाव ठेवलं, गेंडा. आत बेड, सिंक, दोन शेगड्या, घडीचं टेबल आणि खिडकीला पिवळे पडदे. दोन बॅटऱ्या, एक इंजिनची, एक घराची (दिवे, पंखा, पाण्याचा पंप). दोन्ही पायरीच्या बाजूच्या खणात बसतात, खण बाहेरून उघडतो.

आधीचे मालक एक रिटायर्ड मास्तर. चार वर्षं एकटे यात राहिले आणि झोपेतच गेले. चावी त्यांच्या मुलाने दिली. तो काही आत आला नाही, बाहेरूनच हात लांब करून पंख्याचं बटण कुठे ते दाखवलं. म्हटलं, वडिलांची आठवण येत असेल.

मैदानात अशा आठ-दहा गाड्या उभ्या आहेत, सगळ्या रिकाम्या. राखणदाराला सगळे भोंगा म्हणतात. त्याने गेटवरून वेलकम म्हटलं आणि माझ्या हातातला कप सांडला.

प्लॅन असा. ताईची बाळंतपणाची तारीख वीस. भाऊजी बोटीवर, आईचा पाय प्लास्टरमध्ये. म्हणजे ताईजवळ राहायला मीच. तिची एकच खोली, म्हणून मी घर घेऊनच जाणार. दोन तासांचा रस्ता. तिच्या अंगणात गेंडा लावायचा आणि दोन महिने मावशीगिरी करायची. आई म्हणाली, नोकरी सोडून डबड्यात राहायला चाललीस, लोक काय म्हणतील. ताई म्हणाली, लोकांना म्हणावं आधी डबडं घेऊन दाखवा. उद्या सकाळी निघते.

७ तारीख, रविवार

निघाले नाही.

चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. बस्स. डॅशबोर्डवरचे दिवे एकदा मिणमिणले आणि मेले. रात्री वाचायचा दिवा चालू राहिला असणार, गाढवपणा माझा. भोंग्याने जीप आणून जंपर केबल लावल्या. पाच मिनिटांत जीपच बंद पडली. तो म्हणाला, वीस वर्षांत माझी जीप कोणाला घाबरली नव्हती.

दोन्ही बॅटऱ्या काढून गॅरेजला चार्जिंगला दिल्या. बोटं सोलली.

८ तारीख, सोमवार

संध्याकाळी बॅटऱ्या फुल चार्ज होऊन आल्या. स्वतः मोजल्या, बारा पॉइंट सात व्होल्ट. लावल्या. काही म्हणजे काही चालू ठेवलं नाही. मोबाइलच्या उजेडात अंडं-ब्रेड खाल्लं आणि झोपले.

९ तारीख, मंगळवार

टक.

दोन्ही बॅटऱ्या तीन व्होल्टवर! अगं पण का? रात्रभर चमचाभर वीज वापरली नाही मी. सकाळपासून सतरा व्हिडिओ बघितले. प्रत्येकात एक हसरा माणूस सांगतो, कुठेतरी करंट गळतोय, शोधा. शोधते ना बाबा, तू हसणं बंद कर.

दुपारी वायरवाली मावशी आली. मैदानातल्या सगळ्या गाड्यांचं वायरिंग तीच बघते. पन्नाशीची, कमरेला पक्कड, तोंडात सतत बडीशेप. तिची पद्धत ठरलेली. स्वतःची भरलेली बॅटरी जोडायची, तिच्या आणि केबलच्या मध्ये मीटर लावायचा, मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला सुई पडेल तो चोर. आणि मोजताना सगळ्यांनी बाहेर, दार बंद. दार उघडलं की पायरीचा दिवा लागतो आणि आकडा चुकतो. मी आत डोकावले तर पक्कड दाखवून हाकललं.

सुई हललीच नाही. सगळे फ्यूज लावलेले, तरी शून्य. मावशी म्हणाली, गाडी निरोगी आहे बाळ, आता मालकिणीला तपासून घे.

१० तारीख, बुधवार

काल संध्याकाळी नवीकोरी बॅटरी आणून लावली. सकाळी मेली.

शिवाय मोबाइल मेला. टॉर्च मेला. मनगटावरचं घड्याळ चारला बंद पडलं. माझा डिजिटल मीटरसुद्धा उघडत नाही, त्याचाही सेल खलास. आता मी रडू की हसू?

भोंग्याच्या फोनवरून आईशी बोलले. ती म्हणाली, बसने जा. ताईला कळवलं तर तीही म्हणाली, ठमे, हट्ट सोड आणि बसने ये, घर नंतर आण. दोघी बरोबर आहेत, ते मलाही कळतं. पण बसने उतरले तर सगळे म्हणणार, गेली होती मोठी घर घेऊन. दोन दिवस. फक्त दोन दिवस देते गेंड्याला.

११ तारीख, गुरुवार

भोंग्याशी भांडले. म्हटलं, रात्री तूच येऊन काहीतरी करतोस. तो इतका दुखावला की पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. म्हणाला, पोरी, त्या गाडीजवळ मी दिवसासुद्धा कामाशिवाय येत नाही. का, ते सांगितलं नाही. नंतर माझ्यासाठी चहा पाठवला. मला माझीच लाज वाटली.

मग डोक्यात ट्यूब पेटली. मावशी नेहमी बाहेरून मोजते. दार बंद, आत कोणी नाही. पण मी तर रात्री आत असते!

तिचा जुना सुईचा मीटर मागून आणला, त्याला सेल लागत नाही. बॅटरी पुन्हा चार्ज करून लावली, लांब वायर जोडून मीटर आत टेबलावर घेतला. आत आले, दार लावलं, बसले. सुई उठली. सहा, नऊ, बारा अँपिअर. खिडकीतून मीटर दिसेल असा फिरवून ठेवला आणि उतरले. शून्य. चढले. बारा. उतरले. शून्य. वीस वेळा केलं. वेड्यासारखी नाचले.

भोंग्याच्या फोनवरून मावशीला फोन केला. ती म्हणाली, तुझ्या वजनाने कुठेतरी फरशीखाली वायर दबत असेल. दोन्ही बॅटऱ्या काढून गवतावर ठेव, आत निवांत झोप, शनिवारी येऊन फरशी उचकटते.

म्हणजे चोर सापडला! शनिवारी दुरुस्ती, रविवारी ताई.

१२ तारीख, शुक्रवार

बॅटऱ्या बाहेर गवतावर. केबलची टोकं मोकळी, टेप लावलेली. दिवसभर साफसफाई. आज लवकर झोपते, कधी नव्हे इतकी दमले आहे.

१३ तारीख, शनिवार (बहुतेक)

ऊन खिडकीच्या दुसऱ्या बाजूला गेल्यावर जाग आली. म्हणजे दुपार उलटून गेली.

पंखा चालू होता.

मस्त गार वारा लागत होता म्हणून पडून राहिले. मग आठवलं. खिडकीतून बघितलं, दोन्ही बॅटऱ्या गवतावरच. नवीपण तिथेच. पंप चालू. सगळे दिवे चालू. पिवळे पडदे कसे लख्ख दिसत होते.

मोकळ्या केबलच्या टोकांना त्याच लांब वायरने मीटर लावला. बारा पॉइंट सहा. कशालाच न जोडलेली केबल, आणि बारा पॉइंट सहा. उतरले, पंखा थांबला, सुई खाली आली. चढले, सुई वर.

आरशात बघवत नाही, ओठ कागदासारखे.

मावशी आली नाही. भोंगा आला, दारापासून चार हात लांब उभा राहिला. माझ्याकडे बघून म्हणाला, तू पांढरीफटक पडलीस, डॉक्टरकडे चल. मला चक्कर येत होती. म्हटलं, झोप झाली की बरं वाटेल, तू तेवढं ताईला फोन करून सांग, मला बरं नाहीये, उशीर होईल. मग तो बोलला. मास्तरांकडेही कधी बॅटरी नव्हती म्हणे, या दोन मुलाने विकताना बसवल्या. चार वर्षं. दिवे मात्र रोज लागायचे.

हे आत्ता सांगतोस?

तो म्हणाला, जीपला नवी बॅटरी टाकून आणतो आणि तुला घेऊन जातो, तोवर बाहेर बस. मी हो म्हटलं. बाहेर बसले. नंतर काय झालं ते—

खाली लिहिते. हात दुखतोय.

बाहेर गवतावर बसले आणि छाती थांबली. खरंच. एक ठोका. टक. मग काहीच नाही. डोळ्यांसमोर काळं. कशीबशी पायरीवर पालथी पडले, अर्धी आत. तर ठोके परत सुरू. आणि पंखाही.

तारीख माहीत नाही

पुन्हा करून बघितलं. शून्यावर सुई, आणि शून्यावर मी. चढले की दोघी चालू.

वायर कुठेच दबत नाहीये. फरशीखाली काही नाही. गेंड्याने आधी बॅटऱ्या संपवल्या, मग मोबाइल, टॉर्च, घड्याळ. मग जे उरलं ते.

मी बसने जायला हवं होतं. आई, तू बरोबर होतीस. घे, लिहून दिलं.

सकाळ

भोंगा जीप घेऊन आला. खिडकीतून हातानेच सांगितलं, आत येऊ नको. तो दार ओढायला आला तर मी आतून कडी धरून बसले. मला बाहेर ओढलं असतं तर— तो रडत होता. त्या भोंग्यातून रडणं. ओरडला, मावशीला आणतो, डॉक्टरला आणतो. आणि म्हणाला, तुझ्या बहिणीला फोन केला होता, ती गाडी करून निघालीये.

ताई? कशाला? मी उशीर होईल एवढंच सांगायला सांगितलं होतं. बरं नाहीये हेही मीच सांगितलं. मीच.

त्याला सांगायचं होतं तिला गेटवरच अडव. आवाज निघाला नाही. तो गेला.

सुई दहावर आलीये. दिवे मंद. माझ्यात फार उरलं नाहीये. आणि ते गेंड्याला कळतंय, कारण—

चावी आपोआप फिरते. टक. टक. कमी पडतंय त्याला.

कडी लावते. बसत नाही. कडी पण विजेचीच निघाली, आतल्या आत उघडते.

दुपार

गाडी आली. ताईचा आवाज. ठमे, अगं मेले, फोन का बंद आहे, जीव टांगणीला लावलास.

ती हळूहळू चालतेय. एक हात कमरेवर, एक पोटावर. गवतातल्या बॅटऱ्यांना वळसा घालून.

वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, चढू नको. खिडकीला लावलं. पडदा मध्ये आला. मी बाजूला केलेला पडदा. परत लावलं. तिने हात हलवला. हसली. तिला वाटलं मी बोलावतेय.

दार उघडलं. मी नाही उघडलं.

दार ओढून घ्यायला जीव नाही. लिहायला एवढाच आहे. ताई वाच हे, पायरीवर पाय ठेवायच्या आधी वाच, मला तसंच सोड, परत जा, गाडीत बस, दवाखान्यात जा

ती पायरीवर. एकच पाय.

सुई बारावर. चौदा. दिवे इतके— एकट्या माणसाने इतके नाही लागत, ताई, मी मोजलंय, एकट्याने बाराच, हे तर चोवीस, ताई मागे हो, ते तुला नाही ओढत, ते तुझ्या पोटात—