दोनशे साठ शब्द आणि बारा झाडं

३ मार्च, सकाळी ९
काम मिळालं! फॉरेस्ट ऑफिसला जंगलकामाचं एक स्पॅनिश पुस्तक आलंय. त्यातले दोनशे साठ खास शब्द इंग्रजीत करून हवेत. बावीस तारखेला ट्रेनिंग आहे. शिकवायला येणाऱ्या बाई स्पॅनिश, ऑफिस वाचणार इंग्रजी, मधे मी. भाऊजी तिथेच क्लार्क आहेत. साहेबांना त्यांनीच सांगितलं, आमच्या मेहुण्याला स्पॅनिश येतं. येतंच. एका बंदरावरच्या हॉटेलात अडीच महिने भांडी घासली, तेव्हा दिवसभर कानावर दुसरं काही पडतच नव्हतं.
काम वेळेत झालं तर ऑफिसातलं खिडकीजवळचं टेबल कायमचं माझं. नाही झालं तर ताईचं घर सोडून बाबांच्या लाँड्रीत इस्त्रीला उभं राहायचं. बाबांनी फोनवर तसं बजावलंय.
दोनशे साठ भागिले एकोणीस दिवस. रोजचे चौदा. पोरखेळ.

४ मार्च
पहिला शब्द, सेन्यालामिएन्तो. झाडावर खूण करणे. म्हणजे मार्किंग. पाच सेकंद लागले! खाली बारीक टाइपात अर्धं पान स्पष्टीकरण आहे, पण ते ज्यांना शब्द कळत नाही त्यांच्यासाठी. सोडलं.
मग हिरवं पेन आणायला बाजारात गेलो. विषय जंगल, शाई निळी, शोभत नाही. येताना नदीवर पूल बांधतायत तो बघत उभा राहिलो. चार तास. क्रेनवाल्याशी चांगली ओळख झाली.
एकूण : एक.

७ मार्च
आर्बोल पाद्रे. बाप झाड. बी पडून नवी झाडं उगवावीत म्हणून राखलेलं. भाऊजी म्हणाले, इंग्रजीत त्याला मदर ट्री म्हणतात. एवढासा प्रवास आणि बापाची आई झाली! यावर दिवसभर विचार केला. ताईला जेवताना सगळं समजावलं. ती म्हणाली, ते राहू दे, तू आधी अंथरुणाची घडी कर, मला शिलाई मशीन आत घ्यायचंय.
या घरात भाषेची कदर नाही.

११ मार्च, दुपार
एकूण नऊ. दोष माझा नाही, खुर्चीचा आहे. करकरते. तिला तेल घातलं, मग कपाटाला, मग शेजारच्यांच्या फाटकाला. शेजारचे म्हणाले, पोरगा कामाचा आहे हो. भाऊजी म्हणाले, आमच्यापर्यंत यायचाय अजून.
नवा निश्चय. झाडांचे शब्द झाडाखालीच करायचे. ऑफिसच्या आवारात बारा झाडं आहेत. एका झाडाखाली बावीस शब्द. एक झाड संपलं की त्यावर नारिंगी पट्टा. लांबूनच प्रगती दिसेल. साहेबांनाही.

१३ मार्च
रंग आणायला ऑफिसच्या स्टोअरमध्ये गेलो. तिथे टेपकाका असतात. कमरेला कायम मोजपट्टी, म्हणून टेपकाका. विचारलं, कशाला पाहिजे? मी सरळ कामातला शब्द टाकला, मार्किंग. चष्म्यावरून बघत म्हणाले, किती झाडं? म्हटलं, बारा. कुठली? म्हटलं, ही इथलीच, आवारातली. म्हणाले, सगळी? साहेबांना ठाऊक आहे ना बाबा? म्हटलं, काका, काम साहेबांनीच दिलंय.
त्यांनी रजिस्टरात लिहिलं, खाली माझी सही घेतली. ऑफिसमध्ये माझी पहिली सही! दोनदा केली, पहिली मनासारखी आली नाही.

१५ मार्च
शब्द सोळा. पण मनाचं शास्त्र असं की आधी बक्षीस द्यावं, काम मागून पळत येतं. म्हणून बाराही झाडांना आजच पट्टे मारून टाकले. छातीच्या उंचीवर, एकदम सरळ. जाणारे येणारे थबकून बघत होते. एक म्हातारे गृहस्थ तर एका झाडाला हात लावून बराच वेळ उभे राहिले. कौतुक!
आता उरलं फक्त भाषांतर.

१८ मार्च, दुपारी १२
घाईत लिहितोय म्हणून अक्षर असं.
सव्वाअकराला ऑफिसला पोचलो. (क्रेनवाला भेटला, उशीर झाला.) आवारात करवतीचा आवाज. साहेबांच्या गाडीवर सावली धरणारं झाड आडवं. तोडणीवाले दुसऱ्याला दोर बांधत होते. मी ओरडलो, कुणी सांगितलं? त्यांचा मुकादम म्हणाला, पट्ट्याने. पट्टा दिसला की कापायचं, स्टोअरच्या रजिस्टरात नोंद आहे, खाली सही आहे. मी म्हटलं, अहो, तो पट्टा भाषांतराचा आहे! म्हणाला, दादा, पट्टा वाचायला भाषा लागत नाही.
मी दुसऱ्या झाडाला मिठी मारली. मुकादम म्हणाला, या पोरावर पट्टा नाही, याला बाजूला करा. पण माझ्या शर्टावर परवाचा नारिंगी रंग होताच, त्यावर सगळे इतके हसले की काम थांबलं. तेवढ्यात साहेब आले. अकरा वाचली. वाचवली कुणी, हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुणी लिहिणार नाही.
भाऊजी खिडकीत होते. त्यांनी हळूच पडदा ओढला.

२० मार्च
साहेबांनी बोलावलं. मी सतरा शब्दांचा कागद पुढे केला. ते पहिल्यावर बोट ठेवून म्हणाले, याचा अर्थ सांगा. म्हटलं, मार्किंग. म्हणाले, तो शब्द झाला, अर्थ? मी खिडकीबाहेर बघितलं. साहेबांनीही बघितलं. गाडी उन्हात होती.
ट्रेनिंगवाल्या बाईंना मग भाऊजींनीच घाबरत घाबरत फोन लावला. बाईंना इंग्रजी उत्तम येतं. दोनशे साठ शब्द संध्याकाळपर्यंत पाठवते म्हणाल्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.
भाऊजी जेवताना एकच वाक्य बोलले. मीठ दे.

२३ मार्च, सकाळी ७
आठच्या गाडीने बाबांकडे. अनुभवाचं प्रमाणपत्र मागून घेतलंय, रिकाम्या हाताने कशाला जायचं. साहेबांनी लिहिलं : यांनी या कार्यालयात काम केले. आता करीत नाहीत.
तेच स्पॅनिशमध्ये करून ठेवावं म्हटलं, पुढेमागे परदेशात उपयोगी पडेल. ‘यांनी’पाशी अडलो. तो सोडून ‘कार्यालय’ घेतलं. मग ‘आता’. पाऊण तास गेला. स्पॅनिशमध्ये मला ताट, वाटी, साबण आणि लवकर आटप एवढंच येतं.
ताईला जाऊन सांगितलं, ताई, मला येत नाही गं. तिने सुईत दोरा ओवता ओवता म्हटलं, माहितीय की रे. आणि मान वर न करता म्हणाली, बूट घाल, गाडी जाईल.