बाटलीमागे एक चमचा

मी, त्र्यंबक विष्णू खांबेटे, वय ७६, राहणार डोंबिवली पूर्व, कोलशेतच्या रंगाच्या कारखान्यातला निवृत्त केमिस्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणी मागे न लागता लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. गुडघ्यांबद्दल कायदा विचारत नाही.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी पत्नी सौ. सुमती हिच्या, तिच्यानंतर मुलगी आसावरीच्या. सुमती, फ्लॅट विकून आसावरीकडे कल्याणला राहायला गेलीस तर आठवड्यात भांडून परत येशील, तेव्हा विकू नकोस.

२. माझे कपडे गरजूंना द्यावेत. तपकिरी सफारी मात्र कोणालाही देऊ नये. गरजू माणसालाही काही मान असतो.

३. बाल्कनीतली बिअर करायची पिंपं, नळ्या, झाकणं बसवायचं यंत्र आणि आत्ता आंबून तयार असलेली वीस लिटर बिअर माझा मित्र चांगदेव सखाराम ओव्हाळ, राहणार कळवा, यास. कायद्याला हे कितपत चालतं ते वकीलबाई हेमांगी यांनी मला सुनावलं आहे. पुन्हा नको.

चांगदेव कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली होता. बिअर करायला आम्ही दोघं मिळून शिकलो. आंबवणं कोणालाही जमतं हो, खरी परीक्षा फेसाची! बाटलीत भरताना लिटरमागे सहा ग्रॅम साखर घालायची, झाकण घट्ट बसवायचं आणि पंधरा दिवस हात लावायचा नाही. साखर कमी पडली तर बिअर मरगळलेली, जास्त झाली तर बाटली फुटते. वजन चांगदेव करायचा. सोनाराने त्याच्याकडे शिकायला यावं, असा हात.

२०१२ साली आसावरीला बघायला कल्याणची मंडळी आली. चांगदेव सकाळपासून मदतीला होता. पोहे फिरत असताना माळ्यावरच्या सात बाटल्या धडाधड फुटल्या आणि फेस थेट होणाऱ्या व्याह्यांच्या टकलावर. ते बिचारे हसले, लग्नही जमलं. पण मी सगळ्यांदेखत ओरडलो, "चांगदेव, तुला साधी साखर मोजता येत नाही?" त्याने हातातला ट्रे खाली ठेवला, सुमतीला "येतो वहिनी" म्हणाला आणि गेला. तेरा वर्षं झाली, परत आला नाही.

आता खरं लिहितो. साखर त्याने बरोबर मोजली होती. मला ग्लासभर फेस हवा म्हणून त्याची पाठ वळल्यावर मी प्रत्येक बाटलीत आणखी एक चमचा घातला. आणि त्याच्यावर ढकललं, कारण तो हाताखालचा, मुकाट ऐकून घेणार हे मला ठाऊक होतं. चांगदेव, लाज वाटते रे. तुझ्याशिवाय केलेली एकही बिअर धड झाली नाही, आणि झाली असती तरी प्यायची कोणाबरोबर?

सुमतीने हे वाचलं. म्हणाली, "अहो, जिवंतपणी तोंडाने सांगा की! मेल्यावर माफी मागाल, मग त्याने शिव्या कोणाला घालायच्या?" बरोबर आहे तिचं.

४. हेमांगीबाई म्हणतात, ज्याला काही द्यायचं त्यालाच साक्षीदार करू नये. आणि साक्षीदाराला माझ्यासमोर येऊन सही करावी लागते. सबब कलम ३ मधली देणगी रद्द. चांगदेवला मी काहीही देत नाही. पिंपं आसावरीला.

इथपर्यंतचा कागद आसावरी आज सकाळी कळव्याला जाऊन त्याला दाखवून आली. तो "येतो" म्हणाला नाही, "येत नाही" असंही म्हणाला नाही. नुसतं चष्मा पुसत बसला म्हणे. बिअर आजच बाटल्यांत भरायला हवी. मी दार उघडं ठेवून बसलो आहे.

खाडाखोडीसकट सगळं माझंच आहे, म्हणून सही करतो.

डोंबिवली, रविवार, दि. १४ डिसेंबर २०२५
(सही) त्र्यंबक विष्णू खांबेटे

साक्षीदार:

१. (सही) डॉ. मंजुळा प्रधान, तळमजला. खांबेटेकाका पूर्ण शुद्धीत आहेत. दुपारपासून नऊ वेळा जिन्यापर्यंत जाऊन आले.

२. (सही) चांगदेव सखाराम ओव्हाळ, कळवा. तुम्हाला चमचा घालताना मी तेव्हाच पाहिलं होतं. साहेब आहेत म्हणून बोललो नाही. आज बोलतो: साखर मी घालणार. तुम्ही लांब बसायचं, त्र्यंबकराव.