लांबडीचं कॅरियर

४ नोव्हेंबर, सोमवार
लांबडी सायकलवरून बारा दिवस फिरायला निघालीय. आणि कुणाबरोबर? त्या चष्मेवालीबरोबर!

सोळा वर्षं आम्ही दोघी रोज सायकलवरून कामाला जातो, शेजारी शेजारी. इस्पितळाच्या धुलाईत चादरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. आणि फिरायला मात्र तिला केसपेपरच्या खिडकीवरची, तीन महिन्यांपूर्वी आलेली बाई सापडली.

मला विचारलं का? तर म्हणे, "तुला कुठे आवडतं गं असलं!"
अगं पण विचार तरी!

५ नोव्हेंबर
आज चढावर त्या दोघी पुढे, मी मागे. रस्ता अरुंद आहे म्हणे. सोळा वर्षं नव्हता अरुंद.

७ नोव्हेंबर, गुरुवार
जेवायच्या सुट्टीत चष्मेवालीचं व्याख्यान. सामान पाठीवर घ्यायचं नाही, मागे कॅरियरला दोन्ही बाजूंना पिशव्या टांगायच्या. कॅरियर हलकं हवं. ग्रॅम ग्रॅम वाचवायचा.
ग्रॅम वाचवते! हिच्या चष्म्याची फ्रेमच पावशेर असेल.

नंतर लांबडी हळूच म्हणाली, "ठेंगू, शनिवारी दुकानात तू चल माझ्याबरोबर. तुझ्या बाबांचं सायकलचं दुकान होतं, तुलाच कळतं त्यातलं." बरं वाटलं मला. लगेच पुढे — "ती येणार होती, पण तिला जमत नाहीये."
म्हणजे मी उरलेली!

९ नोव्हेंबर, शनिवार
दुकानदाराने दोन कॅरियर काढून ठेवली. एक काळं, लोखंडी, मागे लांब गेलेलं, जड. दुसरं ॲल्युमिनियमचं, आखूड, एका बोटावर उचलता येईल असं. मजबूत दोन्ही. चाकाजवळच्या भोकांत खालचे पाय बसवायचे, सीटखाली दोन स्क्रू, झालं काम.

मला बघताक्षणी कळलं. लांबडीचा पाय नऊ नंबरचा. बायकांच्या चपला तिला मिळतच नाहीत, पुरुषांच्या घेते. आखूड कॅरियरला पिशव्या टांगल्या की त्या पुढे येणार, आणि पायडल मारताना दर फेरीला तिची टाच पिशवीवर आपटणार. बाबा तर गिऱ्हाइकाच्या सायकलीच्या आधी त्याच्या पायांकडे बघायचे.

लांबडीने चंदेरीच उचललं. "किती हलकं गं! ती म्हणालीच होती."
ती म्हणाली. ती म्हणाली. ती म्हणाली!

दुकानदार म्हणाला, "ताई, पिशव्या टांगून एक चक्कर मारून बघा."
लांबडीने माझ्याकडे पाहिलं. "काय गं, बघू?"
मी म्हटलं, "बघायचंय काय त्यात? छान आहे. घे."

स्क्रू मीच आवळले. घट्ट.

१० नोव्हेंबर
ह्यांना सांगितलं. पेपर खाली न ठेवताच म्हणाले, "मग सांग ना तिला. बदलून देईल दुकानदार."
ह्यांना सगळं सोपं. सांगते उद्या.

११ नोव्हेंबर
सांगायलाच गेले होते. दोघी नकाशावर डोकं टेकून बसलेल्या. लांबडी मान वर करून म्हणाली, "काही काम होतं का गं?" सोळा वर्षांत पहिल्यांदा तिला माझं काम विचारावं लागलं.
काही नाही म्हटलं. मरा म्हटलं — मनात.

१४ नोव्हेंबर
अजून सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार
गेल्या. कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेले होते. निघताना लांबडीने मला मिठी मारली. घामट, हाडकुळी मिठी. म्हणाली, "स्क्रू तू आवळलेत, मला कसली काळजी!"
तेव्हा तरी तोंड उघडायचं ना! मी म्हटलं, "पाणी पीत जा."

१८ नोव्हेंबर
चादरीच्या दुसऱ्या टोकाला आज मुकादमबाई. नुसती खेचते. एक घडी सरळ झाली असेल तर शपथ. मलाच म्हणते, "लक्ष कुठंय तुझं?"

२० नोव्हेंबर, बुधवार
लांबडी परत आली. पाचव्या दिवशीच! टेम्पोत सायकल घालून. गुडघा टम्म सुजलेला.

दुपारी गेले तिच्याकडे. म्हणाली, टाच सारखी पिशवीला लागायची, म्हणून पाऊल पुढे सरकवून टाचेजवळूनच पायडल मारत राहिले. तिसऱ्या दिवशी गुडघा बोलायला लागला. चष्मेवाली म्हणाली, तुमचे पायच फार मोठे आहेत हो. आणि गेली पुढे. वाट बघायला तिला वेळ नव्हता.

"शाळेत पण मला मुली बदक म्हणायच्या," लांबडी म्हणाली. हसत होती. "ह्या पायांचं काही खरं नाही बघ."

हेच हवं होतं ना मला? चष्मेवाली गेली, लांबडी माझ्याकडे परत आली. मग त्या गुडघ्याकडे बघवत का नव्हतं?
म्हटलं, "अगं, कॅरियर..."
ती म्हणाली, "कॅरियरला काय झालंय? चांगलंय ते. तू बघून दिलेलं."
मी उठून चहाचे कप विसळले.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
लांबडीने सायकल विकली. उद्यापासून बसने येणार कामाला. कॅरियर आणि पिशव्या तेवढ्या काढून माझ्यासाठी ठेवल्या होत्या. म्हणाली, "तुझे पाय लहान आहेत, तुला लागणार नाही."
आत्ताच बसवून पाहिलं. पिशव्या टांगून अंगणात चक्करही मारली.
नाही लागत.