तारेवर न बसणारं पाणी

सोमवार, ४ मार्च
आजपासून जुनं तेल बंद. तार यापुढे पाण्यात कालवलेल्या वंगणात बुडवून साच्याच्या भोकातून ओढायची. या कारखान्यात तार ओढण्यात माझी बावीस वर्षं गेलीत, त्यामुळे शनिवारी नव्या विभागाचा मुकादम ठरेल तो मीच. शर्यतीत दुसरा फक्त तोरिबियो, माझ्या पोराचा धर्मपिता. त्याला फार वाईट वाटणार नाही असं बघायला हवं.

मंगळवार, दुपारी ३
वंगणाचा थेंब सळईवर टाकून पाहिला. पसरायचं नाव नाही, गोळी होऊन बसला. नेरेइदा इंजिनिअरबाईंना सांगितलं, माल भिकार आहे. त्यांनी आदरानेच विचारलं, डॉन बेतो, दुपारी काय खाल्लंत? डुकराचे टाको, तुपकट बोटं चाटत. हात धुऊन कोरी सळई घ्या म्हणाल्या. थेंब लगेच सपाट. तरी चरबीचा शोध माझ्याच बोटांनी लावला, याची नोंद असावी.

बुधवार
तार चार वेळा तुटली. तोरिबियोकडे एकदाही नाही, पण त्याची तार जाड. माझं निदान: तार इतकी पळते की पाण्याला तिच्यावर पसरायला सवडच नाही. घरी साबणाचा थेंब पडला की ताटावर पाणी कसं झटकन पसरतं. लिंबाच्या वासाच्या साबणाची बाटली पिशवीत टाकली. रोसाउरा म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा भांड्यांच्या साबणाला हात लावलास, तोही घराबाहेर न्यायला.

गुरुवार
वंगणाच्या टाकीत साबणाचे फक्त दोन चमचे ओतायचे होते. झाकण निसटलं. पहिली दहा मिनिटं अप्रतिम. मग पंप फेस ओढू लागला आणि फेस जिन्यापर्यंत गेला. तार अकरा वेळा तुटली. कुणीतरी खोडसाळपणा केलाय, असं बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग चौकशी तुम्हीच करा. जबाबदारीची कामं मिळू लागली. लक्षण चांगलं.

शुक्रवार
तोरिबियोची साक्ष. फेस उपसायचं खोरं भिंतीला टेकवून म्हणाला, बेतो, मी तेव्हा पाठमोरा होतो, आणि बाईंनी कितीदा विचारलं तरी पाठमोराच होतो.
साक्षीदार कुचकामी. जेवण मात्र गेलं नाही.

शनिवार
अहवालात माझंच नाव लिहिलं. बाई म्हणाल्या, गुरुवारीच कळलं होतं, सगळ्या विभागात लिंबाचा वास सुटला होता. नाव लिहिलं नसतंत तर नोकरी गेली असती.
मुकादम तोरिबियो. वाईट वाटलं, पण लाज जास्त वाटली. पहिला हुकूम त्याने माझ्याकडे न बघता, हळूच दिला: बेतो, टाकी तेवढी धुऊन टाक.

सायंकाळी ६
तासाभराचं काम, असं त्याला सांगितलं होतं. पाणी सोडलं की फेस परत येतो.