तोंडावर सांगायची हरकत

३ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सलाम. वि. वि.

येत्या शुक्रवारी घरीच थांब. बाबा तुझ्याकडे येत आहेत, आणि चूक माझी आहे.

नीट सांगते. तुमच्या दोघांचं लग्न आपल्या चर्चमध्ये लागावं, हा तुमचा अर्ज पाळकबाईंनी रविवारी मंडळीपुढे वाचला. मी निर्धास्त होते. दीडशे वर्षांपूर्वी दुसऱ्या चर्चनं बाहेर काढलेल्या पाच कुटुंबांनी हे चर्च उभं केलं. टाकलेली बाई असो, तुरुंगातून सुटलेला माणूस असो, प्रभुभोजनाला इथे कुणाला अडवलं नाही. चर्चच्या इतिहासाची पुस्तिका मीच लिहितेय, म्हणून हे तोंडपाठ. आता कोण नाही म्हणणार?

उभे राहिले ते आपले बाबा. म्हणाले, माझी हरकत आहे. एवढंच. आणि एक जरी हरकत टिकली तरी अर्ज वर्षभर मागे पडतो.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठून पहिल्या इतिवृत्तातला जुना नियम वाचून दाखवला. हरकत घेणाऱ्यानं त्या माणसाच्या घरी जावं, ती त्याच्या तोंडावर सांगावी, त्याचं उत्तर ऐकावं आणि ते उत्तर सभेत जसंच्या तसं सांगावं. नाहीतर हरकत धरली जाणार नाही. आठ वर्षांत ज्यांनी तुला एक ओळ लिहिली नाही ते कसले जातायत, असा माझा होरा. आईनं बसल्या जागी चिमटा काढला. घरी म्हणाली, पदवी घेतलीस, आता बापाला ओळखायला कुठल्या कॉलेजात जाणार आहेस?

बाबांनी त्याच संध्याकाळी तिकीट काढलं.

भांडू नकोस. किंवा भांड. मला काही सुचत नाही. रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


८ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

आले. सभेचा कोट घालून, दहाच्या ठोक्याला. बसा म्हटलं तर बसले नाहीत. आमचे हे दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामावर सुट्टी टाकून घरी थांबले होते. बाबा म्हणाले, मुलाशी एकट्याशी बोलायचंय. त्यावर हा म्हणाला, काका, अर्जावर दोन सह्या आहेत, दोघांनाही सांगा.

मग बाबांनी सांगितलं. पुरुषानं पुरुषाशी लग्न करायचं, मला हे समजत नाही, आणि जे समजत नाही त्याला मी आमेन म्हणणार नाही. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, तुम्हाला समजावं म्हणून आम्ही अर्ज केलेला नाही. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा सगळी मंडळी हा आमचा म्हणाली, त्यात तुमचाही आवाज होता. तो मागे घ्यायचा असेल तर घ्या. आम्ही दुसरीकडे लग्न करू, पुन्हा अर्ज करणार नाही आणि तुमच्या दारातही येणार नाही.

त्यांनी खिशातून वही काढली. ज्यात नळांची मापं लिहितात ती. मला सगळं पुन्हा सांगायला लावलं आणि उतरवून घेतलं. चहा तसाच राहिला. जिन्यात वळून ह्याला विचारलं, मोरीतला नळ कुठल्या गाढवानं बसवलाय? हा म्हणाला, तुमच्या मुलानं. हसले नाहीत.

तुझा नियम वाईट आहे, धाकटे. पाठीमागे बोलणाऱ्याचा राग करणं सोपं असतं. आता मला झोप नाही. सभेत काय होईल ते लगेच कळव. आईला सांभाळ, आणि आमच्यावरची माया आहे तशी राहू दे.

तुझा,
दादा


१६ मार्च

ती. दादास,
सलाम. वि. वि.

काल बाबा उभे राहिले आणि वही वाचू लागले. तुमचाही आवाज होता, इथे थांबले. मला वाटलं, पुढचं गाळणार. किराणावाले काका म्हणाले, पुरे, आम्हाला कळलं. बाबा म्हणाले, तुम्हाला कळलं असेल, माझं वाचून झालं नाही. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दारात येणार नाही, इथपर्यंत सगळं वाचलं.

पाळकबाईंनी विचारलं, हरकत आहे का? म्हणाले, आहे. मग म्हणाले, पण ती ज्याला सांगायची त्याला सांगून आलो. तुम्हाला सांगावं असं माझ्याकडे काही नाही. बाईंनी पुन्हा विचारलं, मग धरू की नको? नका धरू, म्हणाले, आणि बसले.

अर्ज मंजूर झाला, दादा. आई रडली, मग रडल्याबद्दल माझ्यावरच खेकसली.

घरी मी बाबांना विचारलं, लग्नाला याल ना? म्हणाले, ते मी त्याला सांगेन, तुला कशाला? आज पहाटेच निघालेत. काय सांगणार आहेत, खरंच माहीत नाही. पत्राच्या आधी तेच पोचतील. दार उघड.

दोघांवरही सारखाच जीव असलेली,
धाकटी