पत्र्याचं भोक आणि 'बाडो'

शोमारी,

पत्र्याचं भोक आज मीच बुजवलं. शेजारच्या रेहेमाच्या आईची शिडी आणली, आणि चुलीवरची मक्याच्या पिठाची उगाली शिजायच्या आत काम झालंसुद्धा! दोन पावसाळे मी विचारत होते, "बुजवलंस का?" तुझं आपलं एकच, "बाडो." अजून नाही. गळायचं खाटेवर माझ्याच बाजूला, म्हणून मी खाली चटईवर झोपायला लागले. "वर ये" म्हणायलाही तुझं बाडोच.

शिडीवरून उतरले तेव्हा वाटलं, मनात राहिलेलं दुसरं कामही आजच उरकावं. मोरोगोरोच्या बसने आईकडे निघालेय.

उगाली झाकून ठेवलीय. शिडी परत कर, आजच. रेहेमाची आई विचारेलच, "बायको आली का रे?" "नाही" म्हणू नकोस, आपल्यात तसं तोडून म्हणत नाहीत. बाडो म्हण.

म्वानाइदी