पडली की पाडली

मुक्काम : डिझेल पंपामागील मोकळी जागा
दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी तुझा धाकटा भाऊ, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय चौपन्न, आजवर हिशेबतपासनीस आणि गेल्या महिन्यापासून स्वेच्छेने निवृत्त, हे पत्र एका विशिष्ट हेतूने लिहीत आहे. तू आमच्या प्रवासाचे पंचत्व स्वीकारावेस. फोन करता आला असता. परंतु फोनवर तू हसतेस, आणि हसणे निकाल म्हणून ग्राह्य धरता येत नाही.

विषय असा. मी जुना डिझेल ट्रक (यापुढे ‘गाडी’) घेऊन त्याच्या पाठीवर पलंग, ओटा आणि दोन खिडक्या असलेली खोली बांधली, हे तू जाणतेसच. त्या खोलीसह आम्ही दोघे, रस्ता जिथे संपतो त्या दीपगृहापर्यंत निघालो आहोत. निघताना हिने एकच अट घातली. गाडी तीन वेळा बंद पडली, की पडली तिथेच ती भंगारात द्यायची आणि आगगाडीने घरी यायचे. मी अट मान्य केली, कारण त्याखेरीज ही गाडीत चढत नव्हती. दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी मी दुसरे काही केलेले नाही. तेव्हा गाडी भंगारात जाणे मला कितपत सोसेल, हे वेगळे लिहीत नाही.

आज चढावर रेडिएटरचा रबरी पाइप फाटला. पाणी गेले, वाफ झाली, गाडी बंद पडली. फाटका तुकडा कापून उरलेला पाइप मी पुन्हा आवळून बसवला, इंजिन निवल्यावर पाणी भरले, आणि आता सर्व सुरळीत आहे. ही पहिली वेळ, हे मी स्वतःहून नमूद करतो. मी रोज सकाळी ऑइल, पाणी आणि पंख्याचा पट्टा तपासतो. त्यामुळे दुसरी वेळ संभवत नाही.

उत्तर पुढच्या मुक्कामाच्या टपाल कचेरीत आमच्यासाठी राखून ठेवायला सांगावे. मुक्कामांची यादी सोबत आहे. माझ्यावरचा तुझा लोभ निकालाच्या आड येऊ नये, एवढीच विनंती.

तुझा
धाकटा भाऊ


दि. १० फेब्रुवारी

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं पंचपद पत्करते. पंचत्व नको रे बाबा, ते माणूस एकदाच पत्करतं आणि त्यानंतर त्याला पत्रं लिहिता येत नाहीत. मी जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलं आणि माझ्याच घरात हे निघावं.

पहिली वेळ नोंदली. आता एक विचारते. तुझ्या अख्ख्या पत्रात रेडिएटर आहे, पाइप आहे, पट्टा आहे. बायको फक्त अट घालायला येते आणि जाते. ती कशी आहे? पाठ दुखायची तिची, ती त्या पलंगावर झोपू शकते का? तिला म्हणावं, चार ओळी लिही. पंचाला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात.

ऑइल तपासतोस तसं तिचंही अधूनमधून विचारत जा. इथे सगळे खुशाल. लहानपणापासून तुला टाचणी म्हणते ते उगाच नाही; तुझी टोचणारी पत्रं येत राहोत.

तुझी
ताई


दि. १६ फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पलंग चांगला आहे. यांनी तो अशा मापाने केलाय, की कूस बदलायची तर दोघांनी ठरवून बदलावी लागते.

त्या पाइपाचं खरं असं, की वाफ दिसायच्या बरंच आधी मी म्हणाले होते, पुढून शिट्टीसारखं काही वाजतंय. दवाखान्यात इतकी वर्षं मी लोकांचे कानच तपासत होते. तर हे म्हणाले, एकदा स्वतःचेही तपासून घे. मग पाइप फाटला. मग यांनी गाडीचं पुस्तक उघडून ‘घाबरू नये’ हे प्रकरण मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी घाबरले नव्हतेच. मी आत जाऊन चहा टाकला होता. यांनी मात्र ते पान दोनदा वाचलं.

तुमच्याशी खोटं कशाला बोलू? अट घातली तेव्हा माझं गणित सोपं होतं. तुमची ही दुसरी भावजय, म्हणजे गाडी, आठवड्याभरात तीनदा रुसून बसेल आणि आपण सुखाने घरी जाऊ. शेजारणीला कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं, तेही आठवड्यापुरतंच. आता तिला काय कळवावं ते सुचत नाहीये.

तुमची माया अशीच पोचती राहू द्या.

तुमची
पहिली भावजय


मुक्काम : लाकडाच्या वखारीचे आवार
दि. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पंचपद, दुरुस्ती मान्य. हिची पाठ बरी आहे, विचारले.

काल एका गावातील एकेरी रस्त्यावर, केशकर्तनालयासमोर, गाडी थांबली. ‘थांबली’ हा शब्द मी विचारपूर्वक योजला आहे. या गाडीचे इंजिन किल्लीने बंद होत नाही. किल्ली काढून खिशात टाकली तरी ते चालूच राहते. त्यासाठी सुकाणूखालचा एक खटका ओढावा लागतो. तो तारेने डिझेलचा पुरवठा तोडतो. काल इंजिनाने दोन आचके देताच मी तत्काळ तो खटका ओढला. सबब गाडी बंद पडली नसून मी ती बंद केली. कर्ता मी.

हिचे म्हणणे असे, की इंजिन आधी गप्प झाले आणि खटका मागाहून ओढला गेला. हिचे कान उत्तम आहेत हे मला मान्य आहे. तथापि, तिला या निकालात स्वारस्य आहे, याचीही नोंद घ्यावी.

कारण तपासता, आडगावच्या पंपावरील डिझेलमध्ये पाणी निघाले. मी फिल्टर बदलला, तळाचे पाणी काढले आणि हातपंपाने नळीतील हवा बाहेर काढली. ही पाना आणि विजेरी धरून शेजारी उभी होती. प्रत्येक कृती मी तिला मोठ्याने सांगत होतो. मागे वाहनांची रांग लागली. अर्धी दाढी झालेले एक गृहस्थ फेसासकट बाहेर आले आणि ढकलू का, असे विचारू लागले. मी नम्रपणे नकार दिला. ढकलणे हा पुरावा ठरला असता. त्यावर ते म्हणाले, की मग निदान रांगेतल्या लोकांची तरी दाढी उरकून घेतो.

योग्य तो निकाल लवकर कळवावा. नात्याला स्मरून नव्हे, न्यायाला स्मरून. नात्याला स्मरलीस तरी हरकत नाही.

तुझा
धाकटा भाऊ


दि. ४ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न.

तुमचा निकाल पोचला. इंजिन गप्प झाल्यावर खटका ओढणं म्हणजे झोपलेल्या माणसाला नीज म्हणून सांगणं, सबब दुसरी वेळ पक्की, हे वाचून हे दिवसभर गाडीचा पत्रा पुसत बसले. मी जिंकले होते. पण वन्सं, मला जेवण गेलं नाही.

आता जे लिहिते ते यांना कळू देऊ नका.

परवा आम्ही नदीकाठच्या तळावर होतो. हे सकाळी दूध आणायला गेले. गाडी जरा तापवून ठेव, म्हणून सांगून गेले होते. मी सुरू केली. ती मिनिटभर चालली, मग आवाज बारीक झाला, आणि गेली. पुन्हा सुरू करायला गेले तर नुसतीच घरघर. म्हणजे तिसरी वेळ. मी काहीच करायचं नव्हतं. यांची वाट बघायची आणि पिशवी भरायला घ्यायची.

मी पाना घेऊन उतरले. यांनी फिल्टर बसवताना कुठेतरी ढिलं ठेवलं असणार, कारण कान लावला तर फिल्टरपाशी बारीक चुळचुळ ऐकू येत होती. न्हाव्याच्या दारात यांनी ओरडून सांगितलेलं सगळं माझ्या डोक्यात होतं. फिल्टरचा खालचा भाग आवळला, वरचा स्क्रू सैल केला, हातपंप मारत राहिले. आधी नुसता फेस आला, मग सरळ डिझेल. स्क्रू आवळला आणि गाडी सुरू केली. हे आले तेव्हा इंजिन गुरगुरत होतं आणि मी विणकाम घेऊन बसले होते. हे थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, की फिल्टर नीट बसवला की आवाजात कसा फरक पडतो बघ. मी म्हटलं, हो ना.

हात तीनदा धुतले, तरी जेवताना यांनी दोनदा हवेत वास घेतला.

का केलं, ते मलाही नीट सांगता येत नाही. घरी हे एका खोलीत असायचे, मी दुसऱ्या. संध्याकाळी जेवणापुरती भेट व्हायची. इथे खोलीच एक. हे रुसले तर जाऊन जाऊन जाणार कुठे? ओट्यापासून पलंगापर्यंत. मग बोलतात. परवा कामावरच्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत मी ती ऐकली नव्हती. मला दीपगृह बघायचंय, वन्सं. पण हे आता यांना सांगितलं, तर हे म्हणतील, अट बदलायची असेल तर रीतसर बदल, आणि रीतसर म्हणजे पुन्हा आठवडाभर वाद.

पंच आहात, तरी पोटात ठेवा. माझ्यावर राग धरू नका.

तुमची
भावजय


मुक्काम : सरोवराजवळील वाहनतळ
दि. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी जड मनाने लिहीत आहे. प्रसंग मात्र असा घडला, की तू हसशील; पत्रात हसलीस तर माझी हरकत नाही.

काल दुपारी तळावर गाडी लावून मी खटका ओढला आणि तो तारेच्या तुटक्या टोकासह माझ्या हातात आला. इंजिन चालूच राहिले. मी किल्ली काढली. इंजिन चालूच. शेजारच्या वाहनांतील मंडळींचे जेवण चालले होते. ती ताटे हातात घेऊन आमच्याभोवती जमली. एका वृद्ध बाईंनी आपुलकीने विचारले, की आपण निघताय की आलात? मी उत्तरलो, की यासंबंधी आत्ताच काही सांगता येणार नाही. आमची भांडीकुंडी सारखी खुळखुळत होती. कोणी म्हणाले, की डिझेल संपले की होईल बंद. टाकी मी सकाळीच काठोकाठ भरली होती.

डिझेल तोडणारी दांडी हाताने सरकवावी म्हणून मी गाडीखाली शिरू लागलो. तेवढ्यात ही वर चढली आणि मला ओरडून म्हणाली,

“बाहेर या आधी. इंजिनापेक्षा तुमचाच आवाज जास्त येतोय.”

मी बाहेर आल्याची खात्री करून तिने ब्रेक दाबून धरला, वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी एकदा जोराने थरथरली आणि बंद झाली. आत बशा फुटल्या. मंडळींनी टाळ्या वाजवल्या, बहुधा भोजन शांतपणे पूर्ण करता येईल म्हणून.

ताई, इंजिन खटक्याने बंद झालेले नाही. ते बिघाडामुळे, झटका बसून, बंद झाले. ही तिसरी वेळ ठरते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. हिला मी तसे सांगितले. ती फुटलेल्या बशा गोळा करत राहिली. भंगारवाल्याचे दुकान गावात आहे. ते मी बाहेरून पाहून आलो, आत गेलो नाही. माझे मत विचारशील तर मला पुढे जायचे आहे. परंतु मत हा पुरावा नव्हे.

निकाल येईपर्यंत आम्ही इथेच आहोत. जो देशील तो मान्य करीन. माझ्यावरचा जिव्हाळा कमी न करता देशील, ही खात्री आहे.

तुझा
धाकटा भाऊ


दि. २२ मार्च

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

नीट वाच. ‘पडणे’ हे अकर्मक. फळ पडतं, पडदा पडतो, गाडी बंद पडते. कुणी काही करावं लागत नाही. ‘पाडणे’ याला कर्ता लागतो आणि कर्मही. तुझ्या बायकोने गाडी बंद पाडली. ती कर्त्री, गाडी बिचारी कर्म. कर्माला दोष देता येत नाही. शिवाय जी गाडी बंद करतो म्हटलं तरी बंद होत नव्हती, ती बंद पडली असं तू पंचाला लिहितोस, याची मला शिक्षिका म्हणून लाज वाटते.

निकाल : दोन वेळा. त्या भंगारवाल्याच्या रस्त्याने पुन्हा जाऊ नकोस.

आणि आता हे कुणी आवळलं, ते कधी आवळलं, असं उकरत बसू नकोस. नव्या बशा आण. दोघांनाही माझी माया.

तुझी
ताई


मुक्काम : सरोवराजवळील वाहनतळ
दि. २९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निकाल पोचला. मोठ्याने वाचून दाखवला. ‘कर्त्री’ या शब्दावर ही इतकी हसली, की शेजारच्या वृद्ध बाई पाहायला आल्या.

तुझ्या पत्रातील ‘आवळलं’ या शब्दाने मी थबकलो, कारण मी तुला कशाच्याही आवळण्याविषयी विचारले नव्हते. काल नवी तार बसवताना मी फिल्टरकडे पाहिले. बसवल्यावर त्याच्या स्क्रूवर मी पांढऱ्या रंगाची रेघ ओढतो, म्हणजे तो हलला तर कळावे. ती रेघ सरकलेली आहे. स्क्रू घट्ट आहे. खरे तर माझ्यापेक्षा चांगला आवळलेला आहे. या गाडीत पाना हाती धरणारी माणसे दोन. त्यांपैकी एक मी. नदीकाठी जेवताना मला आलेला वास कशाचा होता, हेही आता ध्यानात येते.

त्या सकाळी काय झाले, हे विचारायला मी आत गेलो. ही ओट्यापाशी नकाशा पसरून बसली होती. मी काही म्हणण्याआधीच तिने विचारले, की दीपगृहाकडे किनाऱ्याने गेलो तर लांब पडेल का. मी म्हणालो, बरेच लांब पडेल. ती म्हणाली, की मग किनाऱ्यानेच जाऊ.

मी बाहेर येऊन त्या स्क्रूवर नवी रेघ ओढली.

साऱ्या नोकरीत एकाही कागदावर मी तो पडताळल्यावाचून सही केली नाही, हे तुला माझे वरिष्ठही सांगतील. तरी पंचांच्या माहितीसाठी खालील निवेदन सादर करतो. आमच्यावरची तुझी माया अशीच चालू राहावी. तिला खटका नाही, हे मी जाणून आहे.

निवेदन : आजपर्यंत गाडी दोनच वेळा बंद पडली. हे निवेदन मी तपासलेले नाही.

(सही)
धाकटा भाऊ
सरोवराजवळील वाहनतळ
दि. २९ मार्च